क्रूसचे पांढरे बूट आणि वणीतलं दुरुस्तीचं दुकान

वणीच्या बस स्टँडवर उतरून बाजाराकडे पायी निघालं की पाचेक मिनिटांत उजव्या हाताला एक अरुंद गल्ली लागते. तिच्यात शिरल्यावर तिसरं-चौथं दुकान. पाटी नाही, पण दारावरच्या तारेला फुटबॉलचे बूट जोडीजोडीनं टांगलेले असतात, त्यावरून लगेच ओळखू येतं. तिथे बूट दुरुस्त करून मिळतात, थोडे नवेही विकायला असतात. मालक साठीच्या आसपासचे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणते. आमच्या भागात ज्या शाळांच्या, गावांच्या टीम आहेत, त्यांनी एकदा तरी या दुकानात जावं असं मला मनापासून वाटतं. का वाटतं ते नीट सांगते.

मी वणीजवळच्या एका गावातल्या शाळेत खेळ शिकवते. मुलींची 17 वर्षांखालची फुटबॉल टीम माझ्याकडे आहे. आमचं मैदान अर्धं काळ्या मातीचं, अर्ध्यावर मुरूम टाकलेला. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती बुटाला अशी धरते की पोरी दर थोड्या वेळानं काडी घेऊन तळवे खरवडत बसतात. दिवाळीनंतर तीच माती वाळून टणक होते, भेगा पडतात, आणि लांब स्टडचा, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेला, बूट पायाला टोचायला लागतो. त्यात ओले बूट घरी चुलीजवळ वाळवले जातात. स्वस्तातल्या बुटाचा सोल नुसता चिकटवलेला असतो, शिवलेला नसतो. त्या उष्णतेनं चिकट सुटते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच धावेला पुढचं टोक जबडा उघडतं. सुब्रतो मुखर्जी कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचे तालुक्याचे, जिल्ह्याचे सामने नेमके पावसाळ्यातच येतात. म्हणजे बूट फाटायचा मोसम आणि बूट लागायचा मोसम एकच.

नवीन घ्या म्हणणं सोपं आहे. माझ्या टीममधल्या बहुतेक पोरींच्या घरी पैसा येतो तो कापूस विकल्यावर. जुलैत घरात बियाण्याचं आणि खताचं देणं असतं, तेव्हा बुटासाठी हजार रुपये मागायची पोरींनाच लाज वाटते. पण मला या दुकानाचं महत्त्व केवळ पैशापुरतं वाटत नाही. मधल्या फळीत खेळणाऱ्या पोरीनं बूट सारखे बदलूच नयेत, असं माझं मत आहे. हे मत मी जर्मनीच्या मधल्या फळीत खेळलेल्या टोनी क्रूसकडे बघून बनवलं.

क्रूसचे पांढरे बूट ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आदिदासचं अडिप्युअर इलेव्हनप्रो नावाचं मॉडेल, पांढरं चामडं आणि बाजूला निळे पट्टे. कंपनीनं ते दुकानातून केव्हाच काढून घेतलं. मग दरवर्षी नवे रंग आले, विणलेल्या कापडाचे बूट आले, मोज्यासारखे घोट्यापर्यंत चढणारे आले. आजूबाजूचे खेळाडू गुलाबी, पोपटी, नारिंगी घालून खेळत होते, आणि हा माणूस दहा-एक वर्षं त्याच बनावटीच्या पांढऱ्या बुटात. कंपनी त्याच्यासाठी ते वेगळे बनवून देत राहिली. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबकडून तो 465 सामने खेळला. त्याच्या पायाला ठाऊक होतं की या चामड्याच्या कोणत्या जागेला बॉल लागला तर तो किती जाईल.

आपल्याला कोणी वेगळे बनवून देणार नाही. एकच जोड जगवत ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते काम हे दुकान फार चांगलं करतं.

कामाची पद्धत मी बाकावर बसून पाहिली आहे. काका आधी सुटलेला सोल पूर्ण उलगडतात. अर्धवट चिकटलेला भाग तसाच ठेवून वरून सोल्यूशन ओतायचं, हे बाकी ठिकाणी सर्रास चालतं. इथे तसं होत नाही. जुनी चिकट रापीनं खरवडून काढतात, दोन्ही बाजू कानशीनं खरबरीत करतात, फडक्यानं पुसतात, मग दोन्हीकडे पातळ हात देऊन बूट बाजूला ठेवतात. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतकं सुकू देतात. त्यानंतर ऐरणीवर चढवून ठोकतात आणि दोऱ्यानं आवळून रात्रभर ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी शिलाई. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, आरीनं एकेक टाका, सोलच्या सगळ्या काठानं. पुढच्या टोकाला दुहेरी. ही शिलाई झाली की ओल्या मातीत आणि वाळलेल्या ढेकळांतही बूट तग धरतो. मागच्या पावसाळ्याआधी शिवलेले जोड यंदाही मैदानात आहेत.

या दुकानावर माझा खरा विश्वास बसला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. एकदा मी पिशवीभर बूट नेले होते, कोणाचे कोणते ते सांगितलं नव्हतं. काकांनी एक जोड उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ही पोरगी उजव्या पायानं पास देते, मॅडम. डाव्याचा बाहेरचा काठ पाहा कसा झिजला. सगळा भार त्याच्यावर टाकते." तो जोड आमच्या मधल्या फळीतल्या पोरीचाच होता. दुसरा घेतला, "ही लय धावते, टोकंच गेले हिचे." ती विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळते. फुटबॉल त्यांनी कधी टीव्हीवरही धड पाहिलेला नाही. झिजेवरून त्यांना खेळ दिसतो.

मी मोबाइलवर क्रूसचा फोटो काढून दाखवला. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, बोटांनी फोटो मोठा करून बुटाशी गेले. "बाप्पा, हा तं चामड्याचा हाय. माणूस निगा ठेवणारा दिसते." मग बराच वेळ आम्ही क्रूसवरच बोललो. म्हणजे मी बोलले, काका आरी चालवत ऐकत होते.

काय सांगितलं ते इथेही सांगते, कारण बूट कोणता घ्यावा आणि कसा जपावा हे त्या खेळातूनच कळतं.

क्रूसचा जन्म 4 जानेवारी 1990 चा, बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या छोट्या शहरातला. तेव्हा ते पूर्व जर्मनीत होतं. जर्मनी एक झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. 2014 मध्ये विश्वचषक जिंकलेल्या जर्मन संघात पूर्व जर्मनीत जन्मलेला तो एकटाच. वडील फुटबॉलचे कोच, आई पूर्व जर्मनीची बॅडमिंटनपटू, धाकटा भाऊ फेलिक्सही फुटबॉल खेळला. घरात शिस्त होती, आणि ती पोराच्या पायांत उतरली. ग्राइफ्सवाल्डहून हान्सा रोस्टॉक क्लब, तिथून 2006 मध्ये बायर्न म्युनिक हा मोठा जर्मन क्लब. सप्टेंबर 2007 मध्ये, 17 वर्षांचा असताना, तो बायर्नच्या मोठ्या संघाकडून कॉटबसविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि थोड्याच वेळात सहकारी मिरोस्लाव्ह क्लोझेला दोन गोलांसाठी पास दिले. त्याच वर्षी 17 वर्षांखालच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही त्याला मिळाला.

एवढं होऊनही बायर्नमध्ये त्याला रोज खेळायला मिळत नव्हतं. जानेवारी 2009 मध्ये त्याला दीड वर्षासाठी लेव्हरकुसन या दुसऱ्या जर्मन क्लबला उसनं दिलं. माझ्या पोरींना मी हा भाग मुद्दाम सांगते. जिल्ह्याच्या टीममध्ये बाकावर बसण्यापेक्षा आपल्या गावच्या टीममध्ये पूर्ण वेळ खेळलेलं बरं. क्रूस लेव्हरकुसनला घडला, आणि परत आला तो थेट 2010 च्या विश्वचषकाच्या संघात जाऊन.

8 जुलै 2014. बेलो ओरिझोंतेचा उपांत्य सामना, ब्राझीलविरुद्ध. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू झाला होता, बाहेर पाऊस होता, आणि वीज जाईल या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता. 24 व्या मिनिटाला जर्मनीच्या लामचा बाजूनं क्रॉस आला, क्रूसनं डाव्या पायानं मारला. पुढच्या 69 सेकंदांच्या आत त्यानं ब्राझीलच्या फर्नांडिन्योच्या पायातून बॉल काढून घेतला, सहकारी खेदिराशी देवाणघेवाण केली आणि दुसरा गोल. सामना 7-1 झाला. त्या दोन गोलांतला दुसरा मी पोरींना पुन्हा पुन्हा दाखवते. बॉल हिसकावला तेव्हा तो एकटा गोलकडे पळत सुटला नाही, पास दिला आणि परत घेतला. काही दिवसांनी विश्वचषक हातात आला, आणि फायनलनंतर आठवडाही उलटायच्या आत तो माद्रिदचा झाला.

माद्रिदमध्ये कासेमिरो, मॉड्रिच आणि क्रूस हे तिघं मधल्या फळीत. 2016, 2017, 2018 अशा सलग तीन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकल्या. मग 2022, मग 2024. बायर्नकडची 2013 ची धरून एकूण सहा. 2013 च्या फायनलला तो दुखापतीमुळे मैदानात नव्हता.

त्याचा खेळ पाहताना मला आमच्याकडची तिफण आठवते. तासामागून तास, सारख्या अंतरानं बी पडत जातं, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. 14 जून 2024 ला म्युनिकमध्ये युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात जर्मनीनं स्कॉटलंडला 5-1 हरवलं. त्या दिवशी क्रूसनं 102 पास दिले, त्यातले 101 बरोबर पोचले. असं खेळायला पायात काय लागतं? आतल्या बाजूला पातळ, सरळ, कोणतीही फुगीर नक्षी नसलेला पृष्ठभाग लागतो. म्हणून दुकानात नवे बूट बघताना मी आधी आतल्या बाजूवरून अंगठा फिरवते. रबराचे उंचवटे असतील तर आमच्या पास देणाऱ्या पोरींसाठी तो बूट घेत नाही. काकांनाही हे पटलंय. ते आता साध्या आतल्या बाजूचे जोड वेगळे काढून ठेवतात.

दुसरं, पाय बदलता आला पाहिजे. क्रूस दोन्ही पायांनी सारखाच खेळायचा. काकांच्या झिजेच्या वाचनाचा मी आता सरावात उपयोग करते. ज्या पोरीच्या डाव्या बुटाचा काठ तेवढा झिजतो तिला महिनाभर डाव्या पायानंच पास द्यायला लावते. पुढच्या दुरुस्तीला झीज दोन्हीकडे आली की काका आपणहून सांगतात, "आता सुधारली पोरगी."

एक सामना मी कोणाही कोचला पाहायला सांगेन, तो 23 जून 2018 चा, सोचीमधला, स्वीडनविरुद्धचा. क्रूसचा पास चुकला आणि त्यातून स्वीडननं गोल केला. पुढे जर्मनीच्या रॉयसनं बरोबरी साधली, बोआटेंगला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, जर्मनी दहा जणांवर आली. 95 व्या मिनिटाला डाव्या बाजूनं फ्री किक. क्रूसनं बॉल रॉयसकडे हलकेच सरकवला, रॉयसनं थांबवला, आणि क्रूसनं तो वळवून लांबच्या कोपऱ्यात टाकला. चूक झाल्यावरही तो सामनाभर बॉल मागत राहिला होता, हे महत्त्वाचं. जर्मनी पुढे कोरियाकडून हरून बाहेर पडली, ते खरंच. पण पास चुकला म्हणून तोंड लपवणाऱ्या पोरीला दाखवायला माझ्याकडे यापेक्षा चांगलं काही नाही.

2021 च्या युरोत इंग्लंडकडून हरल्यावर त्यानं जर्मनीसाठी खेळणं थांबवलं. 2024 मध्ये जर्मनीचे कोच नागेल्समान यांनी बोलावलं तेव्हा परत आला. 23 मार्चला लिऑंमध्ये फ्रान्सविरुद्ध किक-ऑफलाच त्यानं लांब पास टाकला, आणि सहकारी विर्ट्झनं सातव्या सेकंदाला गोल केला. पाच आठवड्यांनी म्युनिकमध्ये, ज्या बायर्ननं त्याला सोडलं होतं त्याच बायर्नविरुद्ध, 24 व्या मिनिटाला त्यानं माद्रिदच्या विनिसियसला आधी हातानं जागा दाखवली आणि मग बचावाच्या मधून बॉल बरोबर तिथेच सोडला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत सुंदर पास. 1 जूनला वेम्बलीत चॅम्पियन्स लीगच्या फायनलला डॉर्टमुंडविरुद्ध त्याच्या कॉर्नरवर कार्वाहालनं डोक्यानं गोल केला, माद्रिद 2-0 नं जिंकलं. या सामन्यानंतर आणि युरोनंतर थांबणार हे त्यानं 21 मेलाच सांगून टाकलं होतं. 5 जुलैला श्टुटगार्टला स्पेनविरुद्ध, जादा वेळेत, 119 व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोचा गोल झाला आणि सगळं संपलं. जर्मनीसाठी 114 सामने. 34 व्या वर्षी, अजून खेळू शकत असताना थांबला. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पण त्याचा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं.

आता दुकानाचे दर. सोल पूर्ण चिकटवून काठानं शिवायला जोडीला 150 रुपये, नुसती टोकाची शिलाई 40, आतला तळवा बदलायचा तर 60. सोल पूर्ण बदलायचा असेल तर 350 च्या पुढे, आणि तो कोणत्या मैदानासाठी हवा ते काका आधी विचारतात. आमच्यासारख्या टणक मैदानाला लांब स्टड घेऊ नका, आखूड आणि जास्त संख्येनं असलेले रबरी स्टड घ्या, हे ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, मग महागडी विक्री हातची गेली तरी चालेल. नवे बूट 800 पासून. मुलींच्या टीमसाठी सर्वांत मोठी गोष्ट ही की दोन नंबरपासून पाच नंबरपर्यंतचे बूट इथे मिळतात. बाकी दुकानांत फुटबॉलचा बूट सहा नंबरला सुरू होतो आणि पोरींनी कापूस कोंबून खेळावं अशी अपेक्षा असते. कोंबलेल्या कापसानं बॉलचा अंदाज येत नाही, टाच घासून सोलते, आणि पोरगी खेळणंच सोडते. अशा पोरी मी पाहिल्या आहेत.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. काका सांगितलेल्या तारखेला काम देतीलच असं नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि लग्नसराईत तर नाहीच. सामन्याच्या आदल्या आठवड्यात बूट नेऊन दिले तर पंचाईत होते, किमान पंधरा दिवस हाताशी ठेवा. पक्कं बिल मिळत नाही. शाळेच्या खर्चातून पैसे द्यायचे असतील तर ही मोठी अडचण आहे, आम्ही पालकांच्या वर्गणीतून भागवतो. ठिगळाचा रंग जुळेलच असंही नाही, आमच्या एका निळ्या बुटाच्या टोकाला तपकिरी चामडं आहे. पोरीला त्याचं काही वाटत नाही, पण एखादीला वाटू शकतं. विणलेल्या कापडाचे, मोज्यासारखे बूट ते घेत नाहीत, टाका धरत नाही म्हणतात, आणि ते खरंही आहे. चवड्याजवळ वरचा भाग फाटला असेल तर पैसे न घेता परत देतात, "याच्यात जीव नाई राह्यला, कायले पैसे टाकता." मला हा नकार दुरुस्तीइतकाच मोलाचा वाटतो.

बूट नेताना धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून न्या. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले की दीड-दोन दिवसांत वाळतात, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. चिखलाचे बूट नेले तर काका ते घेतात, पण ओल निघेपर्यंत कामाला हात लावत नाहीत, आणि तेवढे दिवस वाढतात. प्रत्येक जोडाला पोरीचं नाव आणि ती कुठे खेळते हे चिठ्ठीवर लिहून बांधा. गोलकीपरच्या आणि विंगच्या पोरीच्या शिलाईत ते फरक करतात. रोख पैसे न्या. सुब्रतोच्या सामन्यांसाठी हवे असतील तर मेच्या शेवटी टाका, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तारेवर जागा राहत नाही.